हौद्याची गाडी

आमच्या पिढीला वाहन 'निवडायचं' असतं, हेच मुळी ठाऊक नव्हतं. आमच्या तरुणपणी वाहनासाठी नाव नोंदवायचं असे आणि मग विसरून जायचं असे. स्कूटरचा नंबर लागेपर्यंत माणसाचं लग्न होई, मुलगा होई, तो मुलगा स्कूटरवर पुढे उभा राहण्याच्या वयाचा होई आणि मग एके दिवशी पोस्टमन कार्ड घेऊन दारात येई. मोटारींचं तर त्याहून सोपं. अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड अशी तीन नावं. त्यांतली कुठली चांगली यावर आम्ही कट्ट्यावर तासन् तास भांडत असू, कारण तिघींपैकी एकही आमच्याकडे येण्याची धास्ती नव्हती. पुढे १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि यथावकाश एक आठशे आमच्याही दाराशी उभी राहिली. "रंग कुठला हवा?" असं विक्रेत्यानं विचारलं तेव्हा मी "असेल तो" असं उत्तर दिलं होतं. असलेला पांढरा होता.

तेव्हा २०२३ सालच्या एका रविवारी चिरंजीव पोहे खाता खाता म्हणाले, "बाबा, पिकअप घ्यावा म्हणतोय," त्या वेळी मी साहजिकच विचारलं, "कसला धंदा काढतोयस?"

"धंदा नाही. रोजच्या वापराला."

आता आमचे चिरंजीव हिंजवडीला एका कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसतात. आठवड्यातले तीन दिवस तिथे बसतात आणि दोन दिवस घरी बसून तिथे बसल्यासारखं करतात. रोज नेण्यासारखा त्यांचा माल म्हणजे एक डबा आणि एक लॅपटॉप. त्यासाठी मागे हौदा असलेली गाडी? सौभाग्यवतींनी पोह्यांवर खोबरं घालता घालता एवढंच विचारलं, "ती पिवळ्या पाटीची असते का रे?" बायकांचा नेमका प्रश्न विचारण्याचा हात मला कधी साधला नाही.

पाटी पांढरीच असते, असं कळलं. ही जात वेगळी. पुढे चार दारांची, पाच माणसांची, वातानुकूलित वगैरे मोटार आणि पाठीमागे टेम्पोचा हौदा. म्हणजे कमरेच्या वर साहेब आणि खाली हमाल. हे ध्यान निघालं अमेरिकेतून. तिथले शेतकरी आपल्या मोटारीची मागची बाजू कापून तिथे फळ्या ठोकत. ते बघून फोर्डनं १९२५ साली कारखान्यातच तशी गाडी बनवून विकायला काढली, किंमत २८१ डॉलर. आपल्याकडे आमच्या पिंपरीत टाटांनी १९८८ साली टाटामोबाईल काढली होती. पण तिच्यातून सासुरवाडीला जाण्याइतका निधड्या छातीचा जावई पुण्यात तरी माझ्या पाहण्यात नाही.

चिरंजिवांच्या नजरेत दोन गाड्या होत्या. इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स. दोन्ही मूळच्या जपानी घराण्यातल्या. त्यानं दोघींची माहिती छापून माझ्यापुढे ठेवली आणि मला एकदम आमच्या लग्नाच्या वेळचे कागद आठवले. उंची, बांधा, घराणं, अपेक्षा. फक्त पत्रिका तेवढी नव्हती. वयाच्या जागी किंमत होती. एक पंचविशीच्या आसपासची आणि दुसरी तिशी उलटलेली. (आकडे लाखांत.) इसुझूबाई २०१६ पासून आपल्याकडे नांदतायत, आंध्रात श्रीसिटीला त्यांचा कारखाना आहे. इंजिन १.९ लिटरचं, ताकद १६३ अश्वांची. हायलक्स आपल्याकडे आली २०२२ साली, पण जपानात ती १९६८ पासून. इंजिन २.८ लिटर आणि घोडे २०४. 'हायलक्स' हा शब्द म्हणे 'हाय' आणि 'लक्झरी' यांचा समास आहे. १९६८ साली ज्यानं तिला हे नाव दिलं त्यानं सरळ पाठीच्या त्या बाकड्यावर बसून किती प्रवास केला होता, देव जाणे.

हायलक्सचं चारित्र्य मात्र पोलादी. बीबीसीच्या 'टॉप गिअर' या कार्यक्रमातल्या मंडळींनी २००३ साली एक जुनी हायलक्स मुद्दाम मारायला घेतली होती. तिला भरतीच्या समुद्रात सोडली, पेटवली, आणि शेवटी पाडायच्या एका उंच इमारतीच्या गच्चीवर ठेवून खालून सुरुंग लावले. ढिगाऱ्यातून काढून जरा खटपट केल्यावर ती चालू झाली. चिरंजिवांनी ही कथा मोठ्या अभिमानानं सांगितली. मी विचारलं, "यांतलं आपण रोज काय काय करणार आहोत?"

त्यावर तो गप्प बसला. पण खरं उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि ते दापोली तालुक्यात होतं.

दापोलीपासून थोडं आत, एका डोंगराच्या कुशीत आमची आंब्याची बाग आहे. माझ्या वडिलांनी लावलेली. ते प्राथमिक शाळेत मास्तर. पगार बेताचा, आणि त्यातून उरेल त्याची कलमं. खालच्या पऱ्ह्यातून कावडीनं पाणी नेऊन त्यांनी बासष्ट हापूस जगवले. बागेपर्यंत रस्ता असा नाहीच. जांभ्याचा चढ, मध्ये तो पऱ्ह्या, मग पुन्हा चढ. आमची आठशे पऱ्ह्याच्या अलीकडे उभी राही आणि पुढचा प्रवास आम्ही पूर्वजांच्या पद्धतीनं करत असू. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं. दिवस कोरोनाचे. सहा दिवस बागेच्या राखणदाराचा फोनच लागेना. अखेर लागला तेव्हा तो म्हणाला, "सत्तावीस गेली." माणसं गेल्याचे आकडे रोज ऐकायची सवय झालेल्या त्या दिवसांत मला क्षणभर कळेचना की हा कशाबद्दल बोलतोय. चिरंजीव ई-पास काढून गेले. परत आला तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "विद्यापीठाच्या रोपवाटिकेत कलमं मिळतात."

त्यानंतर थोड्याच दिवसांत मुंबईचं एक गिऱ्हाईक आलं. त्यांना समुद्राची झुळूक येणारी जागा हवी होती, झाडं असली तरी त्यांची हरकत नव्हती. भाव चांगला देत होते. त्यांच्या वकिलानं मसुदा पाठवला. "विचार करून सांगतो," असं मी म्हटलं. पुण्यात या वाक्याला मुदत नसते. मसुदा कपाटात राहिला, त्याला तीन वर्षं झाली. दरम्यान चिरंजीव सत्तावीस खड्ड्यांत सत्तावीस कलमं लावून मोकळे झाले, आणि महिन्यातून दोनदा मोटारीच्या डिकीत शेणखताच्या गोणी घालून जाऊ लागले. त्या मोटारीत बसून आम्ही एकदा एका मुंजीला गेलो होतो. यजमानांनी आम्हाला खिडकीजवळचं पान दिलं.

तर अशी पार्श्वभूमी. आता गाड्यांकडे वळू.

पहिला प्रश्न मापांचा. आमच्या सोसायटीत प्रत्येकाला पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद अशी जागा आखून दिलेली आहे. हायलक्सची लांबी ५,३२५ मिलिमीटर आणि व्ही-क्रॉसची ५,२९५. आमच्या आठशेची होती ३,३३५. म्हणजे एका आठशेच्या मागे दोन पोरं लोळवली तरी हायलक्सची बरोबरी होत नव्हती. शेजारी राहणारे निवृत्त गणित शिक्षक टेप घेऊन आले. त्यांनी सांगितलं की लांबीत हायलक्स तीन सेंटीमीटर जास्त आहे, पण रुंदीत पाच मिलिमीटर कमी आहे, तेव्हा सदाशिव पेठेत हायलक्स जास्त सोयीची. पाच मिलिमीटर! पण ज्यांनी सदाशिव पेठेत समोरून येणाऱ्या रिक्षाशेजारून गाडी काढली आहे, ते हसणार नाहीत.

याच मास्तरांनी दुसरी एक शंका काढली. हायलक्स ७०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते, असं कागदावर होतं. मास्तर म्हणाले, "दापोलीला वर्षाला पाऊस पडतो साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास. हिशेब जमत नाही." ते विनोद करत होते की नाही हे मला आजतागायत समजलेलं नाही. गणिताच्या मास्तरांच्या चेहऱ्यावरून ते कळत नाही.

मग गाड्या चालवून बघायचा कार्यक्रम. दोन निरनिराळे रविवार, दोन निरनिराळी दुकानं, पण टाय बांधलेला मुलगा दोन्हीकडे तोच असावा असा मला संशय आहे. सौभाग्यवतींचे गुडघे साठीनंतर संपावर गेलेले. गाडीचा पाळणा जमिनीपासून इतका उंच की आधी पायरी, मग दाराच्या आतली मूठ धरून एक झोका, मग आसन. "देवळात सुद्धा एवढ्या पायऱ्या एका दमात नसतात," असं म्हणत त्या चढल्या. पाचवारीत चढल्या, ही नोंद मी मुद्दाम करून ठेवतो. मागच्या आसनाची पाठ सरळसोट. कारण तिच्या पाठीशी लगेच हौद्याची भिंत, रेलायला जागा आणणार कुठून? मी बसलो आणि चौथीच्या वर्गातला बाक आठवून आपोआप हाताची घडी घातली.

गाडी सुरू झाली आणि पहिल्याच गतिरोधकावर आम्ही तिघंही मागच्या आसनापासून अल्पकाळ विभक्त झालो. या जातीच्या गाडीला मागे पाटे असतात. ट्रकला असतात तसे, एकाखाली एक पोलादी पट्ट्या. ते बनवलेले असतात ओझ्यासाठी. हौद्यात चारपाचशे किलो माल टाका, गाडी पालखीसारखी चालते. हौदा रिकामा ठेवा, पाटे रागावतात. त्या टायवाल्या मुलानं हे प्रामाणिकपणे कबूल केलं आणि म्हणाला, "सर, काही लोक मागे वाळूच्या दोन गोणी ठेवतात." म्हणजे डबा, लॅपटॉप आणि वाळू. चिरंजीव रोज कोथरूडहून हिंजवडीला वाळू नेणार आणि संध्याकाळी परत आणणार. मला हे सरकारी कामासारखं वाटलं.

नंतर चार चाकांच्या जोराचं प्रात्यक्षिक. एक गोल खुंटी असते. तिच्यावर टू-एच, फोर-एच, फोर-एल अशा खुणा. रोजच्या रस्त्याला टू-एच, म्हणजे जोर फक्त मागच्या दोन चाकांना. चिखल, वाळू, निसरडा चढ आला की फोर-एच. आणि अगदीच भिंत चढायची असली तर फोर-एल, त्यात गाडी मुंगीच्या पावलानं जाते पण हत्तीच्या ताकदीनं. मी विचारलं, "मग कायम फोर-एचमध्येच का चालवू नये?" तर नाही! कोरड्या डांबरी रस्त्यावर ती खुंटी फिरवायची नाही. पुढचा आणि मागचा आस एकमेकांना बांधले जातात, आणि वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात चाक थोडं घसरून हा फरक भरून काढतं, डांबर घसरू देत नाही, मग ताण सगळा आतल्या दात्यांवर. "म्हणजे ज्याच्यासाठी एवढे लाख जास्त मोजायचे, ते रोज वापरायचं नाही?" सौभाग्यवतींनी विचारलं. मुलगा म्हणाला, "हो मॅडम." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "मग ठीक आहे. माझ्या पाटल्या पण लॉकरमध्येच आहेत."

मला स्वतःला सगळ्यांत आवडलं ते डिफरन्शियलचं प्रकरण. गाडी वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त पळतं, म्हणून दोघांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारी एक दातेरी जुळणी मधोमध असते. रस्ता बरा असला की ती गुणी. पण एक चाक चिखलात गेलं की तिचा खरा स्वभाव दिसतो. चिखलातलं चाक जागच्या जागी गरगर फिरत राहतं, आणि कोरड्या जमिनीवरचं, काम करू शकणारं चाक स्वस्थ उभं. गाडी तसूभर हलत नाही, आवाज मात्र प्रचंड. मी छत्तीस वर्षं कचेरीत काढली आहेत. मला आणखी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. यावर उपाय म्हणून काही गाड्यांत एक बटण असतं. ते दाबलं की दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जातात आणि फिरायचं तर दोघांनाही बरोबर फिरावं लागतं. असं बटण आमच्या खात्यात असतं तर मी निदान डेप्युटी होऊन निवृत्त झालो असतो.

घरी आल्यावर मी हिशेबाला बसलो. वर्षाचे दिवस ३६५. त्यांतले बागेचे चाळीस धरले. त्या चाळिसांत खरोखरीचा चिखल दहा दिवस. मे महिन्यात पेट्या आणायच्या खेपा चार. त्या चार खेपांना टेम्पो सांगितला, दहा दिवस पऱ्ह्याच्या अलीकडे गाडी लावून चाललं, तर उरलेले तीनशेपंचवीस दिवस छोट्या गाडीत सुखानं जातात. वळायला सहा मीटरहून जास्त त्रिज्या लागणारं धूड कर्वे रस्त्यावर तीन दमांत वळवावं लागत नाही, डिझेल कमी, हप्ता कमी, पाटे नाहीत, वाळू नाही. हिशेब चोख होता, आजही चोख आहे. कुणीही तपासावा. मी तो चिरंजिवांपुढे ठेवला.

त्यानं तो वाचला. म्हणाला, "बरोबर आहे." मग जरा थांबून म्हणाला, "आजोबांनी कलमं लावताना किती दिवस धरले होते, बाबा?"

वडिलांनी असा हिशेब मांडल्याचं मला आठवेना. कलम लावल्यावर पदरात धड आंबा पडायला पाचसहा वर्षं सहज जातात, आणि मास्तरांच्या नोकरीत बदली तीन वर्षांनी. मी काही बोललो नाही. चिरंजिवांनी कागद सहज उलटा केला. हिशेबाला पाठकोरा कागद हवा म्हणून मी कपाटातून हाताला लागेल तो घेतला होता, तो निघाला त्या मुंबईच्या वकिलाचा मसुदा. त्यानं पहिल्या चार ओळी वाचल्या, माझ्याकडे पाहिलं आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली. पुढे त्याचं त्यानं काय केलं ते मी विचारलेलं नाही.

गाडी कुठली, हे मग अर्ध्या तासात ठरलं. दोन्हींच्या किमतींतल्या फरकात बागेभोवती कुंपण आणि विहिरीवर नवा पंप होत होता. गेल्या पावसाळ्यात रानडुकरांनी सहा कलमं मुळासकट उकरली होती, तेव्हा बीबीसीनं इमारतीवरून पाडलेल्या गाडीपेक्षा कुंपण गरजेचं ठरलं. इसुझू आली. उरलेले एकेचाळीस घोडे कुंपणाला बांधले, असं मास्तर म्हणाले. वजाबाकी मी करून पाहिली, बरोबर होती.

रोजच्या वापराचा अनुभव सांगायचा तर पहिल्याच संध्याकाळी आमच्याच सोसायटीच्या नव्या वॉचमननं हात करून सांगितलं, "टेम्पो मागच्या गेटनं." पंचवीस लाखांची गाडी मागच्या गेटनं आत आली. एका हॉटेलच्या दारात विचारणा झाली, "भाजी उतरवायची का?" एकदा नाक्यावर पोलिसानं आत डोकावून "माल काय?" म्हणून विचारलं. मागे बसलेल्या सौभाग्यवतींना ते मुळीच आवडलं नाही. रिक्षावाले मात्र आदरानं बाजू देतात, हा पुण्यातला माझा पहिलाच अनुभव. मे महिन्यात पहिल्या पेट्या आल्या. वडिलांच्या उरलेल्या पस्तीस झाडांच्या. पेंढ्यात नीट रचून, वर ताडपत्री ओढून. येताना पाटे एकदा म्हणून रागावले नाहीत. गाडीत मागे बसून मी ताम्हिणीत चक्क झोपलो होतो.

आता राहिला सोसायटीचा प्रश्न. गाडी आखलेल्या जागेच्या जेमतेम फूटभर बाहेर येते. सेक्रेटरींनी पहिल्याच आठवड्यात पत्र दिलं. त्यात '२९.५ सेंटीमीटर अतिक्रमण' असा उल्लेख होता, म्हणजे टेप कुणाची होती ते कळलंच. पिवळी रेघ ओलांडल्यास दंड करण्यात येईल, असंही होतं. आम्ही उत्तराचा मसुदा करत होतो, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं कपाट धायरीला पोचवायचं निघालं. मग कुणाची गादी, कुणाचा जुना फ्रीज, कुणाच्या मुलीचं वसतिगृहातलं सामान. हौदा असलेल्या माणसाला पुण्यात इतके स्नेही असतात, याची मला कल्पना नव्हती. सप्टेंबरात गणपती आले. विसर्जनाला दर वर्षी हातगाडी सांगावी लागे. यंदा हौद्याला झेंडूच्या माळा लागल्या, मूर्ती पाटावर बसली, शेजारी सोवळं नेसून स्वतः सेक्रेटरी उभे राहिले आणि चिरंजिवांनी गाडी मुंगीच्या पावलानं चालवली. फोर-एलची काही गरज नव्हती. पण तो म्हणाला की एकदा तरी वापरून बघायची होती. मैदानात पावसाचा चिखल होता, तेव्हा आतल्या दात्यांनाही तक्रार करायला जागा नव्हती.

अनंत चतुर्दशीनंतर चार दिवसांनी रंगारी आला आणि त्यानं आमच्या जागेपुरती पिवळी रेघ पुसून एक फूट पुढे ओढली. पत्राबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही. फक्त काल संध्याकाळी सेक्रेटरी घरी येऊन गेले. चहा घेतला, बागेची चौकशी केली, नव्या कलमांना पालवी आली का विचारलं. जाताना दारात चपला घालता घालता म्हणाले, रविवारी त्यांच्या मेव्हण्यांचं घर बदलायचं आहे, तेव्हा चिरंजिवांना दापोलीला सोमवारी जाता येईल का.